मेट्रनबाईंचे रविवार

पाळकाशी लग्न झालेल्या बाईला आमच्यात पाळकीणबाई म्हणतात. पाळक म्हणजे चर्चमध्ये उपासना चालवणारा, बाप्तिस्मे करणारा, लग्नं लावणारा, मयताला उभा राहणारा माणूस. आणि त्याच्यावर सोपवलेली सगळी माणसं मिळून होते ती मंडळी. या शब्दाची बाहेरच्यांना फार गंमत वाटते. धुळ्याच्या बाजारात माझ्या यजमानांना कोणी विचारलं, "काय साहेब, मंडळी कशी आहे?" तर ते म्हणायचे, "कुरकुरते, पण चाललंय." चर्चबद्दल बोलले की माझ्याबद्दल, हे मी कधी विचारलं नाही.

पाळकीणबाईचं काम काय, हे कुठे लिहिलेलं नसतं. पेटी वाजवता आली तर उत्तम. संडेस्कूल घ्यायचं, म्हणजे रविवारी मुलांना पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या. बायकांची सभा चालवायची. आजाऱ्याकडे जायचं, बाळंतिणीकडे जायचं, आणि ज्यांच्या घरी आजारी नाही की बाळंतीण नाही त्यांच्याकडे सर्वांत आधी जायचं, कारण ते रुसलेले असतात. कोणाच्या घरात काय शिजतंय आणि काय धुमसतंय हे आपल्याला कळलं पाहिजे, आणि आपल्याला कळलंय हे कोणाला कळता कामा नये. सगळा जन्म मी हे काम केलं. वय झाल्यावर यजमान रीतसर निवृत्त झाले. मला कोणी निवृत्त केलं नाही, कारण नेमलंच नव्हतं.

नाताळच्या अंकासाठी अनुभव लिहा म्हटल्यावर किती तरी माणसं डोळ्यांपुढून गेली. हंगामाच्या सणाला शेतातलं पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवतात. आमचे याकोबनाना शेत नसल्यामुळे जिवंत कोंबडी आणायचे, आणि ती ऐन प्रार्थनेत सुटली की स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं "आमेन" म्हणायचे. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये रात्रपाळी करून थेट चर्चला येणारे एक मेकॅनिक होते. उपदेश सुरू झाला की त्यांचा डोळा लागायचा आणि संपला की बरोबर उघडायचा. यजमानांनी त्यांना कधी उठवू दिलं नाही. "निदान एकाला तरी माझ्या बोलण्यानं विश्रांती मिळते," म्हणायचे.

पण लिहायचं तर मेट्रनबाईंबद्दल. मला या कामात ओढलं ते त्यांनीच.

मी मूळची जळगावची. वडील डाळमिलमध्ये मुकादम होते. लग्नाआधी मी बालवाडीत शिकवत होते आणि मला ते फार आवडायचं. ऐंशीनंतर लवकरच लग्न होऊन धुळ्याला आले. देवपुरात चर्च, चर्चच्या आवारातच पाळकाचं घर. माझी समजूत अशी होती की नोकरी यजमानांची, मी आपली इथल्या एखाद्या बालवाडीत काम बघीन. पहिल्याच रविवारी उपासना सुटल्यावर बायकांनी मला घेरलं. "पेटी वाजवता ना?" "नाही." "आधीच्या पाळकीणबाई वाजवायच्या." "गाता तरी?" "थोडंसं." "त्यांचा गळा काय होता!" कोणी म्हणालं, त्या करंज्या कशा करायच्या. कोणी म्हणालं, त्या आल्या की घरात उजेड पडायचा. त्या न पाहिलेल्या बाईचा मला इतका धसका बसला की पुढचे दोन-तीन रविवार मी शेवटच्या गीतालाच उठून स्वयंपाकघरात जायची आणि दार लोटून घ्यायची.

एका सोमवारी दुपारी त्या दारावर थाप पडली. बाहेर पांढऱ्या स्वच्छ साडीतली, उंच, सडपातळ, साठी उलटलेली बाई. छातीला पिनेनं अडकवलेलं घड्याळ.

"सलाम. चप्पल घाल," त्या म्हणाल्या. "भेटींना जायचंय."

"कोणाच्या?"

"चालता चालता सांगते. ऊन वाढतंय."

मिशनच्या दवाखान्यातून मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या मुख्य, म्हणून त्या निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही. आईबाप लहानपणीच साथीत गेले, तेव्हा त्या मिशनच्या बोर्डिंगात वाढल्या, तिथेच नर्सिंग शिकल्या. अर्ध्या मंडळीची नाळ त्यांच्या हातानं कापलेली. चर्चमध्ये एखादं मूल रडायला लागलं आणि मेट्रनबाईंनी नुसती मान वळवून पाहिलं, की मूल गप्प व्हायचं आणि त्याची आईही आवंढा गिळायची.

भेटींना कसं जायचं ते त्यांनी मला शिकवलं. घरचे जिथे बस म्हणतील तिथेच बसायचं; मग ती पाय हलणारी खुर्ची असो की गोधड्यांचा ढीग. पाणी आलं की प्यायचं, चहा आला की प्यायचा, आणि कप खाली ठेवेपर्यंत देवाचं नाव काढायचं नाही. भिंतीवरच्या फोटोंकडे बघायचं. माणसं फोटोतल्या माणसांबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल बोलू लागतात. "रविवारी का आला नाहीत?" हे मात्र कधीही विचारायचं नाही. पुढे काही वर्षांनी रविवारी सकाळी टीव्हीवर पौराणिक मालिका लागायची. निम्मी मंडळी ती बघायला शेजारी बसलेली असायची हे सगळ्या देवपूरला ठाऊक होतं. शेवटी पंचकमिटीनं, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी, "उन्हाळ्यामुळे" उपासनेची वेळ पुढे ढकलली. तो उन्हाळा डिसेंबरातही चालू होता.

"आणि एक," मेट्रनबाई म्हणाल्या होत्या, "दुःखाच्या घरी गेलीस तर बोलू नको. भांडी पडलेली असतील. ती घास."

मी भांडी घासत घासत पाळकीणबाई झाले. बालवाडी राहून गेली. तिची हळहळ अजून आहे, पण मेट्रनबाईंच्या मागून देवपुरातल्या गल्ल्या पालथ्या घालताना मला पहिल्यांदा वाटलं की या गावात आपलं कोणी आहे.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं.

आधी नावं. मग वार. एका मंगळवारी सकाळी मी अंगण झाडत होते, तर चर्चच्या पायरीवर मेट्रनबाई पांढऱ्या साडीत, हातात पवित्र शास्त्र घेऊन बसलेल्या. मला पाहून रागावल्या. "पाळकसाहेब अजून उठले नाहीत? लोक यायची वेळ झाली."

मी म्हटलं, "मेट्रनबाई, आज मंगळवार आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. दप्तरं घेतलेली मुलं शाळेला चालली होती, दूधवाले सायकलींवरून चालले होते. सगळा रस्ता मंगळवारचा होता. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. त्या घाबरल्या होत्या.

त्यानंतर मी त्यांना वार सांगितला नाही. त्या आल्या की चर्चचं दार उघडायची. पुढच्या बाकावर दोघी बसायचो, एक गीत म्हणायचो, मी एखादं स्तोत्र वाचायची. यजमान घरात असले तर येऊन आशीर्वाद द्यायचे. मेट्रनबाई समाधानानं उठायच्या, "आज माणसं कमी होती," म्हणायच्या आणि घरी जायच्या. कधी आठवड्यात एकदा, कधी रोज. मी मनात त्याला मेट्रनबाईंचा रविवार म्हणायची.

आवाराबाहेर धोंडाक्का म्हणून एक म्हैसवाली राहायची. शेतकरी घरातली, चर्चशी तिचा संबंध फक्त दुधाचा. एका संध्याकाळी ती धावत आली.

"बाई, तुमनी मेट्रन नदीना काठले बठेल शे! मी तिले सांगं, घर चाल, ते म्हने मनी ड्युटी संपनी नही."

आम्ही पांझरेच्या काठावर गेलो. मेट्रनबाई एका दगडावर ताठ बसल्या होत्या. समोर कपडे धुणाऱ्या बायका होत्या आणि मेट्रनबाई त्यांच्यावर देखरेख करत होत्या. मी म्हटलं, "मेट्रनबाई, रात्रपाळीची सिस्टर आली." त्यांनी घड्याळ पाहिलं, "उशीर केलास," म्हणाल्या आणि निमूट आमच्याबरोबर निघाल्या. पुढे धोंडाक्का होती, मधे त्या, मागे मी.

बायकांच्या सभेत मी विषय काढला. आम्ही पाळ्या लावल्या. सकाळचा चहा एकीकडून, दुपारचं जेवण दुसरीकडून, संध्याकाळी कोणीतरी जाऊन दिवा लावून द्यायचा. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि शेवभाजी नेली तर त्या जेवायच्या. वरणभात नेला तर "हे पेशंटला द्या" म्हणायच्या. बरेच महिने असं चाललं. मग एक दिवस त्यांनी रॉकेलचा स्टोव्ह पेटवला आणि पदर जळाला. शेजारच्या किराणा दुकानदारानं पोतं टाकून विझवला म्हणून हातावर थोडकं भाजण्यावर निभावलं. त्या शेटजींनीच एस.टी.डी. बूथवरून पुण्याला त्यांच्या भाच्याला फोन लावला.

भाचा, प्रदीप, दुसऱ्या दिवशी आला. भला माणूस होता, त्याच्याबद्दल वाईट लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. आत्याचा भाजलेला हात हातात घेऊन तो बराच वेळ बसला. मग यजमानांना म्हणाला, "साहेब, आम्ही दोघं नवराबायको नोकरीला जातो. घरात दिवसभर कोणी नसतं. पुण्याला एक वृद्धाश्रम पाहिलाय, चांगला आहे. रविवारी तिला घेऊन जातो म्हणतो."

त्यात चूक काहीच नव्हतं. पण मला रात्री झोप लागेना. मेट्रनबाई धुळं विसरत चालल्या होत्या, पण धुळं त्यांना विसरलं नव्हतं. इथे त्या रस्ता चुकल्या तरी कोणीतरी हात धरून आणून सोडत होतं. भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत कोणी ना कोणी त्यांच्या हाताखालून या जगात आलेलं. पुण्यात त्या कोण असणार होत्या? मी यजमानांना म्हटलं, "मंडळीला विचारून तरी बघा."

रविवारी उपासना झाल्यावर यजमान म्हणाले, सगळ्यांनी बसून राहा. प्रदीप पुढच्या बाकावर होता. शेजारी मेट्रनबाई. चर्चा आपल्याबद्दल आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं, हातावरच्या पट्टीचा दोरा त्या सारखा करत होत्या. यजमानांनी सगळं सरळ सांगितलं. "पाळ्यांनी जेवण जातंय, पण आता त्यांना एकटं ठेवता येणार नाही. कोणाच्या घरी त्या राहू शकतील का, एवढंच विचारायचंय. नाही म्हणण्यात कमीपणा नाही."

एकही हात वर झाला नाही. मी एकेकाकडे पाहत होते आणि एकेकाचं कारण मला पाठ होतं. हे घरभेटींचं दुखणं. तुम्ही कोणावर रागावूच शकत नाही. या घरात दोन खोल्यांत सात माणसं. त्या घरात सासरा अंथरुणाला खिळलेला. तिसऱ्या घरात सून नवी. याकोबनाना उठले, "माझ्या घरी आणली असती, पण माझी बायको..." म्हणाले आणि बायकोकडे न बघता बसले. आम्ही स्वतः ठेवून घेतल्या असत्या, पण यजमानांची बदली कधीही होईल अशी होती, आणि बदलीच्या माणसानं कोणाला आसरा देणं म्हणजे पुन्हा एकदा उठवणंच.

तेव्हा डावीकडच्या खांबाआडून आवाज आला, "माझ्याकडे ठेवा."

कमलबाई उभ्या होत्या.

कमलबाई नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या, पन्नाशीच्या, विधवा. मुलगी लग्न होऊन नाशिकला. देवपुरातच त्यांचं स्वतःचं लहानसं घर होतं. पण त्या मेट्रनबाईंशी बोलत नाहीत, हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. उपासनेनंतर सगळे एकमेकांना सलाम करतात, हात मिळवतात. कमलबाई मेट्रनबाईंना वळसा घालून बाहेर पडायच्या. चर्चमध्ये बसायच्याही अशा, की मधे खांब येईल.

याकोबनानांना राहवलं नाही. "कमल, तू? तुमचं तर..."

"ती मला आता ओळखत नाही, नाना," कमलबाई म्हणाल्या. "म्हणून जमेल."

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्या आतली खोली रिकामी करत होत्या. मी काही विचारलं नाही, पलंगाचं दुसरं टोक धरलं. पलंग भिंतीला लावून झाल्यावर त्याच्यावर बसून त्यांनी सांगितलं.

मिशनच्या दवाखान्यात त्या शिकाऊ नर्स होत्या, तेव्हाची गोष्ट. दोंडाईच्याजवळच्या खेड्यातून निरोप आला, वडील फार आजारी आहेत. त्याच आठवड्यात जुलाब-उलट्यांची साथ आलेली, वॉर्डात पेशंट जमिनीवर झोपवलेले. कमलनं रजा मागितली. मेट्रनबाईंनी नाही म्हटलं. परत मागितली. "इथेही कोणाचे तरी वडील आहेत," मेट्रनबाई म्हणाल्या. साथ ओसरल्यावर रजा मिळाली. कमल गाडीनं दोंडाईच्याला उतरली, तिथून चालत गावी गेली, तोवर वडिलांना माती देऊनही झाली होती.

"त्या आठवड्यात आमच्या वॉर्डात एकही पेशंट दगावला नाही," कमलबाई म्हणाल्या. "म्हणजे तिचंही चुकलं नाही. हेच तर जास्त लागतं, पाळकीणबाई. ती चुकली असती तर मी कधीच सोडून दिलं असतं."

मला मेट्रनबाईंचीच शिकवण आठवली आणि मी बोलले नाही. भांडी पण नव्हती घासायला. दोघी उठलो आणि पलंगावर गादी घातली.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाई राहायला आल्या. प्रदीप सामान ठेवून, डोळे पुसत पुण्याच्या गाडीला गेला. दिवसा कमलबाई दवाखान्यात जायच्या तेव्हा आमच्या बायकांच्या पाळ्या असायच्या. म्हणजे काम सगळ्यांचं, फक्त घर एकीचं. धोंडाक्का दुपारचं दूध घालून तिथेच बसायची आणि अहिराणीत मेट्रनबाईंना सगळ्या गल्लीच्या बातम्या द्यायची. मेट्रनबाई ऐकून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "दोन चमचे, जेवणानंतर." धोंडाक्का मला म्हणायची, "मनं बठ्ठं ऐकी लेस ती. मना घरमा कोणी ऐकत नही."

पहिल्या आठवड्यातलं एक मला कमलबाईंनीच सांगितलं. मेट्रनबाईंनी सगळं घर फिरून तपासलं. खिडकीच्या कडेवर बोट फिरवून पाहिलं, पाण्याच्या पिंपावरचं झाकण उचललं, मग कडक आवाजात विचारलं, "इथली सिस्टर कोण?"

"मी."

"नाव?"

"कमल."

"चांगलं ठेवलंयस," मेट्रनबाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

कमलबाई हे सांगताना वांगी चिरत होत्या. "तिच्या हाताखाली इतकी वर्षं काढली, कधी असं म्हणाली नाही," एवढंच बोलल्या, आणि वांगी जरा जास्तच बारीक चिरली गेली. भरल्या वांग्यांऐवजी त्या दिवशी साधी भाजी झाली.

मी आठवड्यातून दोन-तीनदा जायची. दोघींना एकत्र बघताना मला सारखं वाटायचं, कधीतरी मेट्रनबाईंना आठवेल, त्या काही बोलतील, सगळं नीट होईल. तसं काही झालं नाही. मेट्रनबाई फक्त मागे मागे जात राहिल्या. आधी त्यांचं मेट्रनपण गेलं, मग नर्सपण, मग बोर्डिंगातली मुलगी उरली, ती जेवण झालं की ताट उचलून धुवायला जायची आणि शाबासकीची वाट पाहत उभी राहायची. एका रविवारी सकाळी कमलबाई त्यांचे केस विंचरत होत्या, चर्चला आणायला. मी दारात होते. गुंता ओढला गेला तशा मेट्रनबाई म्हणाल्या, "आई, हळू."

कमलबाईंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. केस मुळाशी मुठीत धरून, टोकापासून, त्या हळूहळू गुंता सोडवू लागल्या. त्या दिवसापासून मेट्रनबाई त्यांना आईच म्हणायच्या. कमलबाई त्यांच्याहून पंधराएक वर्षांनी लहान.

एकदा मी धीर करून विचारलंच. पाळकीणबाईनं विचारावं असंच ते होतं. "कमलबाई, मागचं सोडून दिलंत ना?"

 "माफ केलं की नाही, मला खरंच ठाऊक नाही," म्हणाल्या. "पण तिला आंघोळ घालताना राग येत नाही. एवढं पुरतं का, ते साहेबांना विचारा."

मी घरी येऊन विचारलं. यजमान त्या वेळी रविवारचा उपदेश लिहीत बसले होते, विषय क्षमा हाच होता. त्यांनी ऐकलं, लिहिलेली पानं बाजूला सारली आणि म्हणाले, "मला वाटतं, याच्यापुढे माझं ज्ञान जात नाही." त्या रविवारी ते दुसऱ्याच विषयावर बोलले.

मग बदली झाली, जळगावला. माझ्या माहेरचं गाव, मी आनंदी व्हायला हवं होतं. पण आमच्या कामात हेच एक वाईट आहे. ज्या माणसांत जीव गुंतवायचा म्हणून तुम्हाला पाठवतात, जीव पुरता गुंतला की तिथूनच तुम्हाला उचलतात. शेतकरी तरी पेरलेलं कापतो. निरोपाच्या दिवशी मी मेट्रनबाईंकडे गेले. त्या ओट्यावर उन्हात बसल्या होत्या.

"कुठे चाललात?" मला त्या आता अहो-जाहो करायच्या.

"जळगावला."

"तिथे कोणी आहे का तुमचं?"

"माहेर आहे."

"मग बरं," त्या म्हणाल्या. "एकटं राहू नये."

मी पाया पडले. आमच्यात तशी रीत नाही, तरी पडले.

जळगावची मंडळी वेगळी, मोठी. पाइपच्या कारखान्यात कामाला लागलेली तरुण माणसं, नवापूर-नंदुरबारकडून शिकायला आलेली मुलं, स्कूटरवरून घाईनं येणारी आणि घाईनं जाणारी कुटुंबं. मी परत पहिल्यापासून चपला घालून निघाले. इथेही पहिल्या रविवारी बायका म्हणाल्या, आधीच्या पाळकीणबाईंचा गळा काय होता. या वेळी मी हसले आणि म्हटलं, "मग त्यांची गीतं मला शिकवा."

दुसऱ्या उन्हाळ्यात धुळ्याहून याकोबनानांचा फोन आला. मेट्रनबाई सकाळी गेल्या. चहा पिऊन परत आडव्या झाल्या होत्या, कमलबाई पाठ चोळत होत्या, तशातच. दफन आजच संध्याकाळी, एवढ्या उन्हात थांबवता येणार नाही.

मी आणि यजमान मिळेल त्या एस.टी.नं निघालो. एरंडोल, पारोळा, बसच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. धुळ्याला पोचलो तेव्हा शवपेटी चर्चमधून निघाली होती. आम्ही थेट दफनभूमीवर गेलो. एवढी माणसं मी त्या दफनभूमीत कधी पाहिली नव्हती. मंडळी तर होतीच; शिवाय दुकान बंद करून आलेले किराणावाले शेटजी, कडेवर नातू घेतलेली धोंडाक्का, आणि कितीतरी बायका, ज्यांची नावं मला माहीत नव्हती. प्रदीप आणि त्याची बायको पुण्याहून पोचले होते.

नवे पाळक तरुण होते, धुळ्यात आल्याला त्यांना थोडेच दिवस झाले होते. पेटी खाली उतरवली. प्रार्थना झाली. आमच्यात पहिली मूठ माती जवळच्या नातलगानं द्यायची असते, मग बाकीच्यांनी. पाळक म्हणाले, "नातेवाइकांनी पुढे यावं."

प्रदीप पुढे झाला, वाकला, माती हातात घेतली आणि तसाच थांबला. मग मागे वळून म्हणाला, "कमलमावशी, तुम्ही या."

कमलबाई बायकांच्या घोळक्यात मागे होत्या. "मी कोण तिची?" त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच कोरडा. "तू भाचा आहेस. तू दे."

कोणी हलेना. नवे पाळक गोंधळून यजमानांकडे बघू लागले.  याकोबनाना काठी टेकत दोन पावलं पुढे आले.

"कमल, ती तुला काय म्हणायची?"

कमलबाईंनी पदर सारखा केला.

"आई म्हणायची ना? आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. मग लेकीला माती आई असताना दुसऱ्यानं का द्यायची?"

बायकांनी वाट करून दिली. कमलबाई पुढे आल्या. प्रदीपनं आपल्या हातातली माती त्यांच्या ओंजळीत घातली. त्या कडेला खाली बसल्या. माती त्यांनी एकदम टाकली नाही, बोटांमधून थोडी थोडी सोडली, पेटीवर आवाज होऊ नये अशी. ओंजळ रिकामी झाली तरी तशाच बसून राहिल्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मागून लोकांच्या मुठी पडू लागल्या, आणि पेटी दिसेनाशी होईपर्यंत आम्ही तिथून उठलो नाही.

मग कमलबाईंनी पदराला हात पुसले आणि माझ्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या.

"चला, पाळकीणबाई," म्हणाल्या, "घरी जाऊन मोठ्या पातेल्यात चहा टाकू. माणसं उन्हातून आली आहेत."